थंड प्लग, गरम प्लग आणि उष्णतेचा जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या स्पार्क प्लगवर लेख लिहावा, हे पाहून आमच्या विज्ञान शाखेतील मित्रांच्या भुवया नक्कीच उंचावतील. त्यांना मी एवढेच सांगेन की, हा लेख यंत्रशास्त्रापेक्षा निवडीचा अधिक आहे. आणि बाजारात माणूस एखादी वस्तू का व कशी निवडतो, हा तर आमच्याच अभ्यासाचा विषय! गेली दोन वर्षे मी संध्याकाळी मोटारीच्या सुट्या भागांच्या एका दुकानात गल्ला आणि हिशेबाची वही सांभाळतो. जे काही शिकलो ते त्या काउंटरवर उभे राहून, मालकांची बोलणी खाऊन आणि मेस्त्री लोकांच्या गप्पा ऐकून. तेव्हा अधिकारवाणीने नव्हे, तर अनुभवाने दोन शब्द लिहीत आहे.

आमच्याकडे येणाऱ्या तरुण गिऱ्हाइकांपैकी अनेकांची मागणी ठरलेली असते. ‘‘गाडी टर्बो आहे, थंडातला थंड प्लग काढा.’’ कोणी ‘रेसिंगचा’ म्हणतो, कोणी ‘सगळ्यांत भारी’ म्हणतो. परंतु सर्वांच्या मनात समजूत एकच, की प्लग जितका थंड तितका तो वरच्या दर्जाचा. ही समजूत चुकीची आहे आणि ती खिशाला महाग पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. प्लगच्या बनावटीला दर्जा असतो; थंडपणा हा दर्जा नव्हे, ते माप आहे. चपलेच्या दुकानात जाऊन ‘दहा नंबर हा नऊपेक्षा वरचा, तेव्हा मला दहाच द्या’ असे कोणी म्हणत नाही. मग प्लगच्या बाबतीत आपली बुद्धी कुठे जाते?

ती जाण्यालाही एक कारण आहे. आपल्याकडे ‘टर्बो’ हा शब्द आला तो डिझेलच्या पाठीवर बसून. ट्रक आणि जीपगाड्यांच्या मागे तो रंगवलेला आपण लहानपणापासून पाहिला. पण डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. तिथे दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. उलट, प्लगशी आपली ओळख झाली ती स्कूटर आणि मोटारसायकलमुळे, आणि तिथे टर्बोचे नाव नाही. म्हणजे ज्याला टर्बो कळत होता त्याला प्लगचा प्रश्न पडला नाही, आणि ज्याला प्लग कळत होता त्याला टर्बोचा पडला नाही. पेट्रोलवर चालणारी टर्बो मोटार जगाला तशी नवी नाही. अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर या गाड्या १९६२ सालीच विक्रीस आल्या होत्या. आपल्या मध्यमवर्गीय घरांपर्यंत मात्र ही जात पोहोचली ती २०१३ साली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आणि फोर्ड इकोस्पोर्ट इकोबूस्ट आल्यावर. पुढे २०१४ साली टाटा झेस्ट, २०१७ साली बलेनो आरएस आणि नेक्सॉन आल्या. आज लहान टर्बो पेट्रोल गाडी गल्लोगल्ली दिसते. गाडी आली, पण तिच्याविषयीचे शहाणपण अजून वाटेतच आहे.

आता थंड म्हणजे काय आणि गरम म्हणजे काय ते पाहू. पहिली गोष्ट, ठिणगी थंड किंवा गरम नसते. प्लगच्या टोकाशी मधल्या तारेभोवती चिनी मातीसारखे दिसणारे एक पांढरे नाक असते. ज्वलनाची उष्णता या नाकाला लागते, नाकातून ती प्लगच्या लोखंडी अंगात उतरते आणि तिथून आट्यांवाटे व गॅस्केटवाटे इंजिनच्या डोक्यात निघून जाते. नाक लांब असेल तर उष्णतेची वाट लांब. ती सावकाश निघते आणि टोक तापलेले राहते. हा ‘गरम’ प्लग. नाक आखूड असेल तर वाट आखूड. उष्णता झटपट निघते आणि टोक तुलनेने कमी तापते. हा ‘थंड’ प्लग. बस्स, सारे गूढ एवढेच आहे.

आमच्या भाषेत सांगायचे तर हा उष्णतेचा जमाखर्च आहे. ज्वलनातून येते ती जमा, अंगातून इंजिनच्या डोक्यात जाते तो खर्च, आणि टोकाचे तापमान ही शिल्लक. ही शिल्लक साधारणपणे ४५० ते ८५० अंश सेल्सियस यांच्या दरम्यान राहायला हवी. ती ४५० च्या खाली गेली तर नाकावर बसणारी काजळी जळून जात नाही, साचत जाते. काजळीतून वीज वाहते. त्यामुळे ठिणगी पडण्याऐवजी वीज काजळीवरून गळून जाते आणि मेस्त्रींच्या शब्दांत ‘गाडी मिसिंग मारते’. शिल्लक ८५० च्या फार वर गेली तर टोक निखाऱ्यासारखे लाल होते आणि ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटवून देते. पिस्टन वर येत असतानाच आग लागली, तर ती त्याच्या डोक्यावर आदळते. वाल्व्ह जळणे, पिस्टनला भोक पडणे, असे याचे परिणाम होऊ शकतात. काही शे रुपयांच्या वस्तूपायी इंजिन खोलायची वेळ येते.

टर्बो या हिशेबात काय करतो? तो बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर चाक फिरवतो आणि सिलिंडरमध्ये अधिक हवा कोंबतो. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक. इंधन अधिक, म्हणून उष्णता अधिक. जमेची बाजू वाढली की खर्चाची बाजूही वाढवावी लागते; म्हणूनच टर्बो इंजिनाला सामान्यतः थोडा थंड प्लग लागतो. पण वाचकहो, इथेच खरी मेख आहे. हा हिशेब गाडी बनवणाऱ्यांनी आधीच केलेला असतो! कारखान्यातून गाडीबरोबर आलेला प्लग त्या टर्बोला, त्या दाबाला अनुसरूनच निवडलेला असतो. त्यावर आपण आणखी दोन पायऱ्या उतरतो, म्हणजे एकच खर्च वहीत दोनदा मांडतो. एका पायरीने टोकाचे तापमान साधारण ७० ते १०० अंशांनी बदलते. सारा पट्टा ४०० अंशांचा. त्यातले दीडशे-दोनशे अंश केवळ हौसेपायी खर्ची घालायचे, याला काय म्हणावे?

इथे माझी स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. गेल्या श्रावणातील गोष्ट. एका गिऱ्हाइकाने गाडीच्या संगणकाचे रीमॅपिंग करून टर्बोचा दाब वाढवून घेतला होता. ज्याने ते काम केले त्याने ‘सध्याच्यापेक्षा एक पायरी थंड’ असे एका चिठ्ठीवर लिहून दिले होते. मागणी रास्त होती. मी जुना प्लग पाहिला, त्याच कंपनीचा एक आकडा मोठा असलेला संच काढला, पावती केली, पैसे घेतले. मोठा आकडा म्हणजे थंड, हे मी पहिल्याच महिन्यात पाठ केले होते. गिऱ्हाईक पायरी उतरले तेव्हा मालकांची नजर पावतीवर गेली.

‘‘अरे, आकडा वाचलास; पण पेटी कुणाची ते वाचलंस का?’’

मी तसाच अनवाणी रस्त्यावर धावलो. ते गृहस्थ गाडी सुरू करीतच होते. ‘‘दादा, थांबा, प्लग चुकला!’’ म्हणून ओरडलो तेव्हा आजूबाजूचे लोक हसले. पण मला हसू येत नव्हते. दाब वाढवलेल्या इंजिनासाठी मी एक पायरी थंड देण्याऐवजी एक पायरी गरम प्लग दिला होता. दुसऱ्याच दिवशी ते सहकुटुंब गोव्याला निघणार होते; परतताना चोर्ला घाटाचा चढ होता.

चूक झाली ती अशी. एनजीके आणि डेन्सो या जपानी कंपन्यांच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. एनजीकेचा ६ म्हणजे साधारणपणे डेन्सोचा २०, ७ म्हणजे २२ आणि ८ म्हणजे २४. बॉश आणि चॅम्पियन यांच्याकडे मात्र उलटी गंगा. तिथे आकडा जितका मोठा तितका प्लग गरम. गंमत अशी की, बॉशच्या जुन्या पद्धतीत १४५, १७५, २२५ असे आकडे असत आणि तेव्हा मोठा आकडा म्हणजे थंड प्लग असे. नव्या पद्धतीत त्यांचेच साधारण ८, ७ आणि ५ झाले! बंगळूरची मायको कंपनी १९५१ साली स्थापन झाली आणि २००८ साली तिचे नाव बॉश लिमिटेड झाले. मायकोचे जुने प्लग हाताळून म्हातारे झालेले मेस्त्री ‘मोठा तो थंड’ म्हणतात, आणि त्यांचाच मुलगा नवी पेटी वाचून ‘मोठा तो गरम’ म्हणतो. बाप-लेक दोघेही खरे बोलत असतात! तेव्हा गिऱ्हाइकाने नुसता आकडा सांगणे म्हणजे गावाचे नाव न लिहिता घर नंबर लिहिण्यासारखे आहे.

पेटीवरील इतर अक्षरेही तितकीच महत्त्वाची. एनजीकेचा बीपीआर६ईएस हा प्लग घ्या. यातील बी म्हणजे १४ मिलिमीटरचा आटा, पी म्हणजे पुढे आलेले नाक, आर म्हणजे रेडिओत खरखर होऊ नये म्हणून घातलेला रोधक, ६ ही उष्णतेची पायरी, ई म्हणजे १९ मिलिमीटर लांबीचा आटा आणि एस म्हणजे तांब्याचा गाभा असलेली साधी बनावट. पायरी बदलायची असेल तर त्यातील आकडाच बदलायचा. बाकीची अक्षरे हलवायची नाहीत. आट्याची लांबी चुकली तर पायरी बरोबर असूनही उपयोग नाही.

आता माझ्या मावसभावाचा आक्षेप. तो स्वतः टर्बो गाडी चालवतो आणि वाद घालण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. तो म्हणतो, ‘‘थंड घेऊन चुकलो तर फार तर काजळी धरेल, गरम घेऊन चुकलो तर पिस्टन जाईल. मग थंडच घेतलेला काय वाईट?’’ आक्षेप बिनतोड वाटतो, आणि त्यात अर्धे सत्य आहेही. दोन पायऱ्यांमध्ये खरोखरच संशय असेल आणि इंजिनावर ताण जास्त असेल, तर थंडाच्या बाजूला चुकावे, हे मलाही मान्य आहे. हा एक प्रकारचा विमा आहे. परंतु विम्याचा हप्ता जोखमीच्या प्रमाणात असावा लागतो. काजळी धरलेला प्लग फुकट काजळी धरत नाही. गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुरते, पेट्रोल जास्त पिते आणि न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीत जाऊन तिथला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते. त्याची किंमत प्लगच्या कितीतरी पट असते. म्हणजे पिस्टन वाचवण्याच्या नादात आपण दुसरीकडून तितकेच मोठे बिल ओढवून घेतो.

मग थंड प्लग घ्यावा तरी कधी? माझ्या मते दाब खरोखर वाढवला असेल तेव्हा, आणि तोही सामान्यतः एकच पायरी. अमेरिकेत ७५ ते १०० अश्वशक्ती वाढवली की एक पायरी थंड, असा एक ढोबळ ठोकताळा सांगतात. तो तिकडच्या मोठ्या इंजिनांचा आहे, आपल्या गाड्यांना तो जसाच्या तसा लागू करता येणार नाही. कारण आपल्याकडच्या पुष्कळशा लहान टर्बो गाड्यांची मुळातली ताकदच १०० ते १२० अश्वशक्ती असते. पण त्यावरून एक अंदाज येतो. रीमॅपिंगने वीस-पंचवीस अश्वशक्ती वाढली म्हणून दोन-तीन पायऱ्या उतरणे ही हौस आहे, गरज नव्हे. ज्याने दाब वाढवला त्यानेच प्लग कोणता आणि फट किती हे लेखी सांगावे, असा आग्रह गिऱ्हाइकाने धरला पाहिजे.

आणि जिने कोणताही बदल केलेला नाही अशी गाडी? तिला कारखान्याने नेमलेलाच प्लग. एकाच जातीच्या दोन गाड्या डोळ्यांसमोर आणा. एक चार माणसे आणि सामान घेऊन उन्हाळ्यात केरीहून चोर्ला घाट चढते आहे. दुसरी घरापासून महाविद्यालयापर्यंत तीन किलोमीटर जाते आणि दिवसभर कडुनिंबाखाली उभी राहते. पहिलीचा टर्बो घाम गाळतो. दुसरीचे इंजिन धड तापतसुद्धा नाही. नेमलेला प्लग दोघींनाही चालतो, कारण असे दोन्ही प्रसंग धरूनच तो निवडलेला असतो. पण दुसरीत कोणी ‘रेसिंगचा’ बसवला, तर महिन्या-दोन महिन्यांत तो काळाठिक्कर होण्याची शक्यता फार. (आमच्या प्राध्यापकांपैकी कोणाची गाडी डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलेले नाही, याची नोंद घ्यावी!)

प्लगची फट हाही असाच दुर्लक्षित विषय. सिलिंडरमधील दाब वाढला की तीच फट ओलांडायला ठिणगीला अधिक जोर लागतो. म्हणून अनेक टर्बो इंजिनांत ती ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात, तर विनाटर्बो इंजिनांत ती १ मिलिमीटर किंवा त्याहून थोडी अधिक असू शकते. पायरी बरोबर आणि फट मोठी, अशी गाडी चढावर जोर मागताच मिसिंग मारते. आणि दोष प्लगच्या थंडपणाला किंवा गरमपणाला दिला जातो. तसेच, प्लग नीट आवळला नसेल तर उष्णतेला बाहेर जायला वाटच राहत नाही. सैल बसलेला थंड प्लगही तापतो. गॅस्केट असलेला १४ मिलिमीटरचा नवा प्लग हाताने बसेपर्यंत फिरवावा आणि मग पान्याने साधारण अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा द्यावा. इरिडियमचा प्लग महाग म्हणून तो थंड, ही आणखी एक समजूत. इरिडियममुळे टोक बारीक ठेवता येते व झिजते कमी. पायरीशी त्याचा संबंध नाही. इरिडियमचाही गरम प्लग मिळतो.

शेवटी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. थंड प्लग हे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. चढावर इंजिन टकटक करते ती पुष्कळदा ठिणगी पडल्यानंतर उरलेले मिश्रण आपोआप फुटल्यामुळे. त्याचे कारण पेट्रोलच्या प्रतीत, ठिणगीच्या वेळेत किंवा तापलेल्या हवेत असते. लहान टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर अचानक जोर दिला असता तेलाच्या थेंबांनी किंवा साचलेल्या मळाने मिश्रण अवेळी पेटण्याचा प्रकारही आढळतो. त्यासाठी २०१८ साली एपीआय एसएन प्लस आणि २०२० साली एपीआय एसपी ही इंजिन तेलाची नवी प्रमाणे आली. अशा वेळी योग्य तेल घालणे आणि चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये रखडत असताना पेडल तळाला न नेणे, हा उपाय आहे. तो सोडून प्लग बदलत बसणे म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

मग सामान्य माणसाने करावे काय? प्लग काढून पाहावा. नाक फिकट तपकिरी किंवा राखी असेल तर हिशेब जुळला. कोरडी काळी काजळी असेल तर तो प्लग थंड पडतो आहे किंवा पेट्रोल जास्त येते आहे. नाक पांढरेफटक, फोड आल्यासारखे आणि तारेचे टोक वितळल्यासारखे असेल तर गाडी तशीच पुढे चालवू नये. ओले तेल दिसले तर तो प्लगचा प्रश्नच नव्हे, मेस्त्रींना गाठावे.

या साऱ्या गोंधळात भाषेचाही वाटा आहे, असे मला वाटते. पेटीवर इंग्रजी, काउंटरवर मराठी, कन्नड, कोकणी, हिंदी. ‘कोल्ड’चे आपण ‘थंड’ केले, कन्नडमध्ये ‘तंपु’ केले, आणि दोन्ही भाषांत थंड म्हणजे सुखाचे, शांत, चांगले! हल्ली मी काउंटरवर ‘थंड’ आणि ‘गरम’ हे शब्द टाळतो. ‘उष्णता सोडणारा’ आणि ‘उष्णता धरणारा’ असे म्हणतो. शब्द लांब आहेत, मालक हसतात. पण फरक पडतो. गिऱ्हाईक मग ‘सगळ्यांत भारी कोणता?’ असे विचारत नाही. ‘माझ्या गाडीत उष्णता किती होते?’ असे विचारते, आणि प्रश्न बरोबर आला की निवड सोपी होते. याच अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांनी त्यांच्या भाषेत यासाठी चांगले शब्द सुचवावेत, अशी माझी त्यांना विनंती आहे.

श्रावणातील ते गिऱ्हाईक परवा पुन्हा दुकानात आले होते. चार जुने प्लग त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून आणले आणि काउंटरवर ओळीने मांडले. चारही नाके मारी बिस्किटाच्या रंगाची होती. ‘‘असलेच द्या,’’ ते म्हणाले. मी मागे वळून पेटी काढली आणि आकडा वाचण्याआधी कंपनीचे नाव मोठ्याने वाचले. मालक वहीतून मान वर न करता म्हणाले, ‘‘हां, आता पावती कर.’’